बारावीनंतरची शिष्यवृत्ती: कुठे शोधायची, फॉर्म कसा भरायचा, पैसे कुठे अडतात

बारावीचा शेवटचा पेपर आणि निकाल यांच्या मधले आठवडे शिष्यवृत्तीच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचे असतात. निकाल लागला की कॅप राउंड (राज्याच्या एकत्रित प्रवेशफेऱ्या), टीसी, वसतिगृह, फी यांत घर इतकं गुंततं की कागद काढायला कोणालाच सवड राहत नाही. आणि अडतं ते तिथेच. पुरेसे मार्क असूनही नावातल्या एका अक्षरामुळे, चुकीच्या बँक खात्यामुळे किंवा कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून राहिलेल्या अर्जामुळे पैसे न मिळालेली मुलं प्रत्येक कॉलेजात सापडतात. म्हणून योजना शोधण्याआधी कागदांकडे वळू.

आधी कागद

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. पगाराची स्लिप किंवा फॉर्म १६ त्याच्या जागी चालत नाही. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रातून करता येतो आणि लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे त्याची मुदत १५ दिवसांची आहे. यात खोच तारखेची आहे. दाखल्याची वैधता साधारणपणे ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत घाई करून काढलेला दाखला जुलैमध्ये फॉर्म भरताना जुना झालेला असतो. त्यामुळे १ एप्रिल उलटल्यावर लगेच अर्ज करा आणि शक्य असेल तर एका वर्षाऐवजी ३ वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला मागा. नॉन क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातल्या घराचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला) काढायचं असेल तर ३ वर्षांचं उत्पन्न दाखवावंच लागतं, एका फेरीत दोन कामं होतात.

जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर यांची मुदत प्रत्येकी ४५ दिवस. म्हणजे निकालाच्या दिवशी सेतूत गेलात तर दाखला हाती येईपर्यंत प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झालेल्या असतात. नॉन क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल) या दोन्ही दाखल्यांचे राज्याचे आणि केंद्राचे नमुने वेगळे आहेत हेही लक्षात ठेवा. राज्याच्या कॅपला राज्याचा नमुना, जेईईसारख्या केंद्रीय प्रवेशाला केंद्राचा. दोन्हीकडे अर्ज करणार असाल तर दोन्ही काढा.

जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी, हे सगळ्यात वेळखाऊ प्रकरण. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवरून जायचं असेल तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या सही-शिक्क्याने बारावी सुरू असतानाच समितीकडे अर्ज गेलेला हवा. घरात वडील, काका किंवा सख्ख्या भावंडाची व्हॅलिडिटी आधी झालेली असेल तर तिची प्रत जोडा, काम बरंच हलकं होतं.

आता नावं. दहावीची मार्कशीट हा पाया धरा आणि आधार, बँक पासबुक, जातीचा दाखला यांवरची नावं तिच्याशी ताडून पाहा. आडनाव आधी की शेवटी, यानं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते इंग्रजी स्पेलिंगमधल्या फरकानं किंवा वडिलांचं नाव एका कागदावर असून दुसऱ्यावर नसल्यानं. दुरुस्ती आधारमध्ये करून घेणं सोपं, मार्कशीटमध्ये अवघड. आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला नसेल तर तेही त्याच खेपेस उरका, कारण पुढचा सगळा कारभार ओटीपीवर चालतो.

खातं कोणतं, हे बँक ठरवत नाही

‘माझं खातं आधारला लिंक आहे’ असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. पण केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार सीडिंग वेगळं. सरकारी पैसे आधार क्रमांकावर सुटतात आणि एनपीसीआय या देशाच्या पेमेंट महामंडळाच्या नोंदीत त्या क्रमांकापुढे ज्या बँकेचं नाव असेल तिथे जाऊन पडतात. अशी बँक एका वेळी एकच असते. तुम्ही मोबाईल ॲपवरून दुसरं खातं उघडलंत आणि उघडताना डीबीटीच्या संमतीवर टिक केलीत, तर नोंद तिकडे सरकते आणि शिष्यवृत्तीही तिकडेच जाते.

यूआयडीएआयच्या ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपीनं लॉगिन केलं की ‘बँक सीडिंग स्टेटस’ दिसतं. तिथे बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ असं दोन्ही हवं. नसेल तर शाखेत जाऊन डीबीटी संमतीचा फॉर्म भरा, आणि काही दिवसांनी पुन्हा तपासा. फॉर्म दिला म्हणजे नोंद झाली असं नाही. लहानपणी उघडलेलं शून्य शिलकीचं ‘स्मॉल अकाउंट’ असेल तर त्यात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होत नाही. मोठी रक्कम अशा खात्यावरून परत जाऊ शकते. अठरा पूर्ण झाल्यावर पूर्ण केवायसी करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

योजना कुठे पाहायच्या

सर्वात आधी महाडीबीटी हे राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल, कारण राज्याच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) योजना तिथेच आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. उत्पन्न त्यावर गेलं म्हणून फॉर्म सोडून देऊ नका: त्यांच्यासाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप, म्हणजे माफी, आहे, फक्त निर्वाह भत्ता मिळत नाही.

खुल्या प्रवर्गातल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे अजून ईबीसीच म्हणतात. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, लाभ कुटुंबातल्या दोनच मुलांना. मुलींच्या बाबतीत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मोठा फरक पडला. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅपमधून प्रवेश घेतला असेल, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत आहे. ‘मुलींना फी माफ’ एवढंच ऐकून मॅनेजमेंट कोट्यातून किंवा खासगी अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतलेल्या घरांची मोठी फसगत होते, कारण हे दोन्ही योजनेच्या बाहेर आहेत. स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही बाहेर. आणि सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काचीच. वसतिगृह, मेस, बस यांचं बिल वेगळं येणार.

राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो ईबीसीसोबत घेता येतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. वसतिगृहासाठी अर्ज केलाच नाही तर ‘जागा मिळाली नाही’ हे दाखवता येत नाही, तेव्हा तो अर्ज आधी करा.

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर. तिथे आधी आधारवर आधारित ओटीआर, म्हणजे एकदाच करायच्या नोंदणीचा क्रमांक, काढावा लागतो. हा क्रमांक एकदाच मिळतो, जपून ठेवा. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती सगळ्याच प्रवर्गांतल्या मुलांना खुली आहे आणि तरीही तिच्याकडे फार कमी मुलं वळून बघतात. देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. पदवीची पहिली तीन वर्षं १२,००० रुपये वर्षाला, पदव्युत्तरला २०,०००. उत्पन्नमर्यादा ४.५ लाख. अट ८० पर्सेंटाइलची आहे, ८० टक्क्यांची नव्हे. तुमच्या मंडळात, तुमच्या शाखेत पास झालेल्यांपैकी वरच्या वीस टक्क्यांत तुम्ही हवेत. कला शाखेत त्यासाठी लागणारे मार्क विज्ञानापेक्षा वेगळे असतात, म्हणून नुसते टक्के पाहून स्वतःला बाद करू नका.

इंजिनिअरिंग किंवा तंत्र पदविकेला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) ‘प्रगती’ शिष्यवृत्ती: वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका कुटुंबातून दोन मुली. ४० टक्क्यांहून कमी नसलेलं अपंगत्व असेल तर त्याच रकमेची ‘सक्षम’ शिष्यवृत्ती. दोन्हींसाठी संस्था एआयसीटीई मान्यताप्राप्त हवी.

महाडीबीटीचा फॉर्म

आधार ओटीपीनं नोंदणी करा. त्यानंतर प्रोफाइलचे टप्पे येतात: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृह. प्रोफाइल १०० टक्के झाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुम्ही इथे जे भरता त्यावरूनच प्रणाली तुम्हाला पात्र योजना दाखवते. हवी ती योजना यादीत दिसत नसेल तर दोष बहुधा प्रोफाइलमध्ये असतो: प्रवर्ग चुकला, उत्पन्न चुकलं, किंवा ‘कॅपमधून प्रवेश’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं गेलं.

उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यावरचा बारकोड क्रमांक टंकताना शून्य आणि ‘ओ’ यांची गल्लत सर्रास होते. चालू अभ्यासक्रमात कॉलेजचं नाव निवडताना नीट बघा. एकाच संस्थेची डिग्री आणि डिप्लोमा कॉलेजं यादीत खाली-वर असतात. चुकीचं निवडलं तर अर्ज भलत्याच लॉगिनला जातो आणि तुमच्या कॉलेजला तो दिसतच नाही. प्रवेशाची तारीख आणि फी ही पावतीवर असेल तीच टाका. बारावीनंतर गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं.

अपलोडसाठी फाइलचा आकार ठरलेला असतो, १५ ते २५६ केबी. मोबाईलवर फोटो काढून तो आकारात बसवण्यासाठी इतका दाबला जातो की शिक्का वाचता येत नाही, आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतो. कागद सपाट ठेवून स्कॅन करा, कृष्णधवल नव्हे तर ग्रे-स्केल निवडा, आणि अपलोड केल्यावर फाइल उघडून स्वतः वाचून पाहा.

सबमिट केल्यानंतरच खरी पायपीट

अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, तिथून प्राचार्यांकडे, मग विभागाच्या कार्यालयात. बहुतेक कॉलेजांत छापील प्रत आणि मूळ कागद दाखवल्याशिवाय लिपिक अर्ज पुढे पाठवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून सबमिट केलं की आठवड्याभरात प्रत घेऊन शिष्यवृत्ती विभागात जा आणि पोच घ्या. मग दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती पाहा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर शेरा वाचा, सांगितलेली तेवढीच दुरुस्ती करा आणि पुन्हा सबमिट करा. दुरुस्ती करून सबमिट न केलेला अर्ज तुमच्याकडेच पडून राहतो. मुदतवाढीच्या भरवशावर राहणं हा इथला जुना खेळ. मुदत वाढते तेव्हा कधीकधी ती विद्यार्थ्यांसाठी वाढते, कधी फक्त कॉलेजच्या तपासणीसाठी.

एनएसपीवरही असंच. तिथे कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याची पडताळणी, मग वरच्या पातळीची. ‘डिफेक्ट’ असा शेरा आला तर दुरुस्तीची मुदत थोडकी असते. आणि एकाच खर्चासाठी राज्याची आणि केंद्राची अशा दोन शिष्यवृत्त्या एकत्र घेता येत नाहीत. कोणती जास्त रकमेची आणि कोणती पुढची वर्षं टिकणारी, हे आधी कागदावर मांडून मग एक ठरवा.

खासगी ट्रस्ट आणि कंपन्या

इथे अर्ज छाननीला माणसं बसलेली असतात, त्यामुळे लिहिण्याला किंमत येते. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती ५,००० विद्यार्थ्यांपर्यंत जाते, पूर्ण पदवीसाठी २ लाखांपर्यंत देते आणि ऑनलाइन अभियोग्यता चाचणी घेते. पुण्यात मुलींसाठी लीला पूनावाला फाउंडेशन आणि खेड्यांतून येणाऱ्यांना राहण्या-जेवणाची सोय करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती आहे. स्वतःच्या समाजाचे, तालुक्याचे, वडिलांच्या कामगार संघटनेचे किंवा सहकारी बँकेचे छोटे ट्रस्टही विचारा. रक्कम कमी, पण अर्जही कमी असतात.

निवेदनात ‘मी गरीब पण होतकरू विद्यार्थी’ हे वाक्य छाननी करणाऱ्यानं त्या दिवशी चाळीसदा वाचलेलं असतं. त्याऐवजी हिशेब मांडा: वर्षाची फी किती, सरकारी योजनेतून किती सुटणार, वसतिगृह-मेस किती, घरून किती येणार, उरलेलं खिंडार किती रुपयांचं. मग एखादं काम सांगा जे तुम्ही खरंच केलंय आणि कोणी विचारलं तर पाच मिनिटं बोलू शकाल. शिफारसपत्र हवं असेल तर शिक्षकांना निदान दोन आठवडे आधी सांगा आणि सोबत मार्कशीट व योजनेची माहिती द्या.

कुठलीही सरकारी शिष्यवृत्ती ‘प्रोसेसिंग फी’ मागत नाही. सायबर कॅफेवाल्यानं फॉर्म भरण्याचे पैसे घेणं वेगळं. पण तिथे स्वतःचाच मोबाईल नंबर द्या, युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या. कॅफेवाल्याच्या नंबरवर काढलेलं लॉगिन दुसऱ्या वर्षी रिन्युअलच्या वेळी सापडत नाही. आणि रिन्युअल आपोआप होत नाही: केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीला दरवर्षी ५० टक्के मार्क, ७५ टक्के हजेरी आणि नवा अर्ज लागतो, महाडीबीटीवरही अर्ज दरवर्षी भरावा लागतो. एप्रिल आला की पुन्हा सीडिंग स्टेटस तपासा आणि दाखल्यांच्या तारखा बघा.