जुनी आयआर फाइल उघडते, पण अर्थ बदलतो: हार्डवेअर कंपायलर लिहिणाऱ्यांनो, या चुका टाळा

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात आमचं तळमजल्यावरचं कामाचं मशीन गेलं. आम्ही चौघं तेव्हा एक छोटा हार्डवेअर कंपायलर लिहीत होतो. एका बाजूने आमच्या भाषेतलं डिझाइन आत जायचं, दुसऱ्या बाजूने व्हेरिलॉग (हार्डवेअरचं वर्णन करणारी भाषा) बाहेर पडायचं आणि मधे आयआर, म्हणजे इंटरमीडिएट रिप्रेझेंटेशन, डिझाइनचं मधलं रूप. खाडीच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या एका बोर्डाचा सोर्स फक्त त्या मशीनवर होता. एका सहकाऱ्याच्या माडीवर ठेवलेल्या हार्ड डिस्कमध्ये त्याची आयआर फाइल तेवढी सापडली.

पुढच्या वर्षी नव्या कंपायलरने ती फाइल बिनतक्रार उघडली. व्हेरिलॉग निघालं, सिम्युलेशन पास झालं, बोर्ड जेटीवर बसला. आणि मग आकडा मधेच शून्यावर यायला लागला. आम्ही सेन्सर बदलला, पॉवर सप्लाय बदलला, केबलचे जोड पुन्हा सोल्डर केले. शेवटी जेटीवरच्या एका तांडेलाने सांगितलं, "बर्फाचा क्रशर सुरू झाला ना, की तुमचा आकडा जातो."

क्रशरच्या मोटरचा झटका, सगळं पुन्हा शून्यावर आणणाऱ्या रीसेटच्या लांब वायरवर येत होता. पण जुना बोर्ड याच जागी, याच वायरवर व्यवस्थित चालला होता. फरक पडला होता तो आयआर वाचताना.

जे लिहिलंच नाही, ते डीफॉल्टवर सोडणं

आमच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक रजिस्टरचा (आकडा धरून ठेवणाऱ्या भागाचा) रीसेट सिंक्रोनसच असायचा, म्हणून तो फाइलमध्ये लिहायची गरज वाटली नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत असिंक्रोनस रीसेट आला. आमची फाइल प्रोटोबफ या बायनरी फॉरमॅटमध्ये होती. त्याच्या स्कीमात, म्हणजे कुठली फील्ड येतील हे सांगणाऱ्या व्याख्येत, आम्ही एक एनम (ठरलेल्या नावांतून एक निवडणारा प्रकार) घातला आणि नावं इंग्रजी अक्षरक्रमाने लावली. त्यामुळे असिंक्रोनसला 0 मिळाला, सिंक्रोनसला 1. प्रोटोबफच्या प्रोटो 3 मध्ये एनमचं फील्ड फाइलमध्ये नसेल तर त्याची किंमत 0 धरली जाते. म्हणजे जुन्या फाइलमधलं एकूण एक रजिस्टर नव्या कंपायलरच्या लेखी असिंक्रोनस झालं.

सिंक्रोनस रीसेट क्लॉकच्या कडेलाच तपासला जातो. दोन कडांच्या मधे येऊन गेलेला काही नॅनोसेकंदांचा झटका त्याला बहुतेक वेळा कळतही नाही. असिंक्रोनसला तेवढा झटका पुरतो. आमच्या टेस्टबेंचमध्ये (सिम्युलेशनच्या चाचणीत) रीसेट फक्त सुरुवातीला, दहा क्लॉक धरून ठेवलेला होता, आणि तिथे दोन्ही प्रकार सारखेच वागतात. म्हणून सिम्युलेशन पास.

एरर देऊन थांबलेली फाइल परवडते, कारण माणूस तिथेच कारण शोधायला लागतो. उघडलेली फाइल मात्र आपल्याला सेन्सर आणि केबलच्या मागे पळवते. यावर आम्ही केलेला उपाय सोपा आहे. एनमचा 0 नेहमी "सांगितलेलं नाही" यासाठी राखून ठेवायचा आणि तो पुढच्या पासपर्यंत, म्हणजे कंपायलरच्या पुढच्या टप्प्यापर्यंत, पोचला तर कंपायलरने थांबायचं. आवृत्ती 1 ची फाइल आली की अपग्रेडची पायरी प्रत्येक रजिस्टरवर "सिंक्रोनस" असं स्पष्ट लिहिते. बूलियन फील्डलाही हेच लागू आहे: साध्या बूलियनमध्ये "नाही" आणि "लिहिलंच नाही" यांत फरक करता येत नाही, तिथे ऑप्शनल वापरा.

आवृत्तीची ओळ नसणं

चिझेल ही हार्डवेअर लिहायची भाषा ज्या फर्टल या आयआरमध्ये उतरते, त्याच्या फाइलची पहिलीच ओळ फर्टलची आवृत्ती सांगते. त्या भाषेत जोडणीसाठी आधी बाणासारखं चिन्ह होतं, पुढे कनेक्ट हा शब्द आला. रीसेट असलेल्या रजिस्टरची मांडणीही बदलली. पार्सरला कुठलं व्याकरण चालवून घ्यायचं आणि कुठलं नाकारायचं हे त्या ओळीवरून ठरवता येतं. इथे एक गल्लत हमखास होते: कंपायलरची आवृत्तीच फाइलमध्ये टाकली जाते. फॉरमॅटची आवृत्ती वेगळी ठेवा. कंपायलर महिन्याला बदलेल, फॉरमॅट वर्षानुवर्षं तोच राहू शकतो. आणि आपल्यापेक्षा नव्या आवृत्तीची फाइल समोर आली तर अंदाजाने वाचू नका, सरळ नकार द्या.

मेमरीतली रचना जशीच्या तशी फाइलमध्ये ओतणं

सुरुवातीला हे फार सोयीचं वाटतं. क्लास आहेतच, त्यांवर सीरियलायझेशनचा मॅक्रो लावला की फाइल तयार. पण त्या दिवसापासून तुमचा प्रत्येक प्रायव्हेट मेंबर सार्वजनिक करार होतो. आम्हाला "मक्स" (दोहोंतून एक निवडणाऱ्या) नोडमधली दोन इनपुटं एका यादीत घ्यायची होती, पास सोपा झाला असता. सहा महिने हात लावला नाही, कारण लोकांच्या फाइली मोडल्या असत्या.

एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने हे कसं निभावलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांचं बिटकोड, म्हणजे आयआरचं बायनरी रूप, आवृत्ती 3.0 पासूनचं आजही वाचलं जावं असं त्यांचं धोरण आहे, टेक्स्ट आयआरबद्दल मात्र तशी हमी नाही. आवृत्ती 17 मध्ये टाइप असलेले पॉइंटर पूर्ण काढून टाकले, तरी जुनं बिटकोड वाचतानाच नव्या रूपात आणलं जातं. आतली रचना मोकळी, साठवणीची रचना बांधलेली, आणि मधे अपग्रेड. एलएलव्हीएमच्याच एमएलआयआर या आयआर बांधायच्या चौकटीच्या बाइटकोडमध्ये तर प्रत्येक डायलेक्ट (एका विषयाच्या क्रियांचा गट) स्वतःची आवृत्ती लिहू शकतो. हार्डवेअरसाठीचा सर्किट (CIRCT) हा एलएलव्हीएमचा प्रकल्प याच पायावर उभा आहे.

छोट्या टीमला माझा सल्ला उलटा आहे: हमी टेक्स्टची द्या. गिटमध्ये फरक दिसतो, आणि पुरानंतर हार्ड डिस्कमधून निघालेली फाइल नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. आमची फाइल टेक्स्ट असती, तर रजिस्टरच्या ओळीत रीसेटचा प्रकारच नाही हे पहिल्या तासात दिसलं असतं.

फील्डचा नंबर पुन्हा वापरणं

कोकणात जमिनीचे हिस्से किती पडतात ते सांगायला नको. 45 चे 45/1 आणि 45/2 होतात, त्यांचेही पुढे तुकडे पडतात. पण जुना नंबर रिकामा झाला म्हणून कोणी तो शेजारच्या जमिनीला देत नाही, आणि काय कसं बदललं ते फेरफाराला, म्हणजे गाव नमुना 6 ला, नोंदलेलं असतं. स्कीमाचंही तसंच ठेवा. प्रोटोबफच्या फाइलमध्ये फील्डचं नाव जात नाही, नंबर जातो. 7 नंबरचं "डिले" काढून तिथे "डेप्थ" टाकलंत, तर जुन्या फाइलमधला डिले मेमरीची खोली म्हणून वाचला जाईल, आणि दोन्ही पूर्णांकच असल्यामुळे कुणालाही शंका येणार नाही. काढलेला नंबर रिझर्व्ह्ड म्हणून लिहून ठेवा. 1 ते 15 या नंबरांना टॅगसाठी एकच बाइट लागतो, म्हणून ते सतत येणाऱ्या फील्डसाठी जपून वापरा.

हार्डवेअरचा आकडा म्हणजे साधा पूर्णांक नव्हे

जेसन या टेक्स्ट फॉरमॅटमधले आकडे बऱ्याच लायब्ररी डबल, म्हणजे 64 बिटांचा फ्लोटिंग पॉइंट, म्हणून वाचतात. 2 चा 53 वा घात, म्हणजे 9007199254740992, याच्या पुढचे सगळे पूर्णांक त्यात अचूक बसत नाहीत. 64 बिटांचा मास्क गुपचूप गोल होतो. शिवाय हार्डवेअरमध्ये आकड्याला रुंदी असते, चिन्ह असतं, आणि एखादा बिट एक्स (अनिश्चित) किंवा झेडही (कुणीच न चालवलेला) असू शकतो. चार बिटांचा 0 आणि आठ बिटांचा 0 एक नव्हेत. योसिस या हार्डवेअर सिंथेसिसच्या साधनाच्या जेसनमध्ये नेटचे (वायरचे) बिट आकड्यांनी आणि स्थिर बिट "0", "1", "x", "z" अशा स्ट्रिंगने येतात, ते याचसाठी. त्यांनी पॅरामीटरही पुढे बिटांच्या स्ट्रिंगमध्ये लिहायला घेतले, पण जुन्या पार्सरसाठी छोटे पॅरामीटर आकड्यांत देणारा एक पर्याय चालू ठेवला. बदल करायचा आणि जुन्या वाचकाला वाटही ठेवायची, हे मला फार आवडलं.

हॅशमॅपच्या (ज्याच्या क्रमाची हमी नसते अशा साठ्याच्या) क्रमाने फाइल लिहिणं ही चूक लक्षण पाहूनच ओळखता येते: डिझाइन तेच, पण दर वेळी फाइल वेगळी. मॉड्यूल आणि पोर्ट ठरलेल्या क्रमाने लिहा. प्रोटोबफच्या बाइटचा हॅश घेऊन कॅश बांधू नका. लायब्ररी बदलली की बाइटही बदलू शकतात.

नावांचंही तसंच. आपोआप दिलेली नावं क्रमांकावरून असतील, तर एका नोडच्या भरीने पुढची सगळी नावं सरकतात आणि वेव्हफॉर्म पाहणाऱ्याच्या जुन्या सेटिंग्ज वाया जातात. माणसाने दिलेलं नाव आणि यंत्राने दिलेलं नाव यांत फरक ठेवा, आणि सोर्समधली ओळ कोणती तेही फाइलबरोबर जाऊ द्या.

फाइल बिघडल्याची शंका आली तर

जुना कंपायलर बाजूला बिल्ड करून ठेवा आणि एकाच फाइलमधून दोघांचं व्हेरिलॉग काढा. आमच्याकडे हे करायला दहा मिनिटं लागली: व्हेरिलॉगचा ऑलवेज ब्लॉक कशावर चालतो त्या यादीत एकीकडे फक्त क्लॉक, दुसरीकडे क्लॉक आणि रीसेट. हे आम्ही सोल्डरिंगच्या आधी करायला हवं होतं. फरक खूप असतील तर गिट बायसेक्टला हीच फाइल द्या, कुठल्या कमिटने अर्थ बदलला ते तो दाखवेल. चिझेल 3.6 मध्ये जुना स्काला भाषेतला फर्टल कंपायलर आणि नवा सर्किट हे दोन्ही वापरता येत होते, 5 पासून फक्त सर्किट राहिला. अशी एक मधली आवृत्ती दिली की लोकांना दोन्ही आउटपुट ताडून पाहता येतात.

योसिसने फॉर्मल (गणिती सिद्धतेने) तपासणी करत असाल तर एक सावधगिरी. त्यातला एसिंक-टू-सिंक हा पास असिंक्रोनस सिग्नल क्लॉकबरोबरच बदलतो असं धरून चालतो, म्हणजे मधला झटका तिथे अस्तित्वातच नसतो. क्लॉक-टू-एफएफलॉजिक हा पास मंद आहे, पण रीसेटच्या प्रश्नात तोच वापरा.

फाइल लिहून, वाचून, पुन्हा लिहून ताडणारी टेस्ट चांगली, पण ती फक्त आजच्या कंपायलरचं आजच्या कंपायलरशी जुळतं एवढंच सांगते. आमची टेस्ट हीच होती आणि ती कायम हिरवी होती. आता प्रत्येक रिलीजला त्या दिवशीच्या आयआर फाइली रिपॉझिटरीत गोठवतो, त्यांच्याशेजारी त्या वेळचं व्हेरिलॉगही ठेवतो, आणि त्यांना नंतर कोणी हात लावत नाही. माडीवरच्या हार्ड डिस्कमधली फाइल त्या फोल्डरमध्ये पहिली आहे.