खोलीगणिक रंग बदलणारं घर एकसारखं कसं केलं

नागपूरच्या मनीषनगरातला आमचा फ्लॅट घेतला तेव्हा हॉल पोपटी, बेडरूम जांभळी आणि स्वयंपाकघर निळंशार होतं. दारं उघडी असली की घर तुकड्यातुकड्यांचं वाटायचं. सगळीकडे उबदार, मातकट छटा द्यायच्या असं ठरलं.

खरी अडचण पुढे आली. शेडकार्डावरचा एकच बदामी रंग पश्चिमेच्या हॉलमध्ये दुपारी पिवळाजर्द दिसे, तर उत्तरेच्या खोलीत राखाडी. उत्तरेकडे थेट ऊन जवळजवळ येतच नाही, उजेड थंड असतो. म्हणून जाड ड्रॉइंग शीटवर नमुन्याच्या डबीतला रंग दोन हात मारून त्या शीट प्रत्येक भिंतीवर चिकटवल्या आणि सकाळी, भर दुपारी, दिवे लावल्यावर पाहिल्या. भिंतीवर थेट लावू नका. जुना पोपटी शेजारी असला की नवा रंग गुलाबी भासतो!

शेवटी हॉलला लाल झाक असलेला फिका वाळूरंग, उत्तरेच्या खोलीला त्याच कुटुंबातला जरा पिवळसर, छत आणि चौकटींना सगळीकडे एकच मलईपांढरा. जांभळ्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारल्याशिवाय हलका रंग नीट झाकत नाही, पेंटर काहीही म्हणो.

दिवेही बदलले. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली हे रंग फिके, आजारी दिसतात. ३००० केल्विनखाली खुलतात. हॉलला मुद्दाम फिकी छटा घेतली, कारण नागपूरच्या मे महिन्यात गडद भिंती डोळ्यांनाच तापतात. कोटा फरशीचा हिरवट करडा रंगही आता या भिंतींशी छान जुळतो.