कंपवाताची गोळी आणि जेवणातली प्रथिनं: या चुका टाळा

सकाळची गोळी कपभर दुधाबरोबर, दुपारची वरण-भात आणि मटकीची उसळ खाऊन झाल्यावर. दुपारी तीन वाजता घरचे काळजीत पडतात: "गोळी घेऊन दीड तास झाला, तरी बाबांचे पाय उंबऱ्याशीच अडकतात." मग डॉक्टरांकडे डोस वाढवून मागितला जातो. त्याआधी गोळी कशाबरोबर पोटात गेली ते तपासा.

कंपवातावरच्या (पार्किन्सन आजारावरच्या) सिंडोपासारख्या गोळीतलं मुख्य औषध लेव्होडोपा. ते स्वतःच एक अमिनो आम्ल आहे. दूध, डाळ, अंडी, मासे यांतली प्रथिनं पचली की त्यांचीही अमिनो आम्लं होतात. लहान आतड्यातून रक्तात जायला यांतल्या ल्युसिन, टायरोसिन अशा काहींना आणि लेव्होडोपाला एकच वाट आहे, त्यामुळे गर्दी झाली की औषध मागे राहतं. रक्तातून मेंदूत शिरतानाही तीच अडचण पुन्हा येते. गोळीतलं कार्बिडोपा लेव्होडोपाला मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही, पण ही गर्दी त्याला हटवता येत नाही.

म्हणून साधी (म्हणजे हळूहळू औषध सोडणारी नसलेली) गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी निदान अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून बरेच जण पुन्हा दुधाकडे वळतात. त्याऐवजी अर्धं केळं किंवा थोडी भाताची पेज द्या. दोन्हींत प्रथिनं नगण्य असतात. तरीही मळमळ थांबली नाही तर डॉक्टरांना सांगा, गोळी परस्पर बंद करू नका. लेव्होडोपा एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

सगळ्यात घातक चूक याच्या उलट टोकाची आहे. "प्रथिनं औषधाला आड येतात" एवढंच कानावर पडतं आणि घरातून डाळ, दही, अंडी सगळं हद्दपार होतं. कंपवातात वजन आधीच घटतं. त्यात स्नायू झिजले की तोल जातो, माणूस पडतो. रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण 0.8 ते 1 ग्रॅम प्रथिनं लागतातच, म्हणजे 60 किलोच्या माणसाला सुमारे 50 ते 60 ग्रॅम. कमी करायची नाहीत, वेळ बदलायची. दिवसभर औषधाचा असर वरखाली होत असेल तर दुपारी भात, भाजी, फळं असं हलकं खाऊन पनीर, मासे, उसळ रात्रीच्या जेवणात घेता येतात. मात्र हा बदल डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच करा. दिवसा औषध जास्त पोचू लागलं की अंगाच्या नको त्या हालचाली वाढू शकतात, आणि रात्री ताठरपणा जाणवू शकतो. आजार नवा असेल आणि जेवणाने काही फरक पडत नसेल, तर एवढा खटाटोप नकोच.

प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रासाजिलिन या कंपवाताच्या इतर गोळ्यांना प्रथिनांची ही आडकाठी नाही. त्यांच्यासाठी जेवणाच्या वेळा हलवू नका.

रक्त वाढावं म्हणून दिलेली लोहाची गोळी मात्र लेव्होडोपाला चिकटून त्याचं शोषण कमी करते. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. खाजकुइलीचं चूर्णही कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. तिच्या बियांत लेव्होडोपा असतोच, पण चमच्यागणिक किती ते कळत नाही. गोळीवर चूर्ण म्हणजे न मोजलेला जादा डोस.

पोट साफ नसेल, जठर रिकामं व्हायला वेळ लागत असेल, तरीही गोळी उशिरा लागू पडते. तेलकट, जड जेवणानेही तेच होतं. बद्धकोष्ठतेकडे काणाडोळा करून नुसती प्रथिनं मोजत बसलात तर हाती काही लागणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची नोंद न्या: गोळी किती वाजता, काय आणि कधी खाल्लं, हालचाल कधी मोकळी झाली, कधी पुन्हा आखडली. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर ती वही नर्सच्या हातात द्या आणि गोळी जेवणाच्या ताटाबरोबर नको, हे स्पष्ट सांगा.