उत्साह ओसरल्यावरही काम चालू कसं ठेवावं

नव्याचे नऊ दिवस संपले की दहाव्या दिवशी खरं काम सुरू होतं. नवी भाषा शिकणं असो, प्रबंध असो की दहा किलोमीटर धावायची तयारी, नेट सुटतो तो बहुधा मधल्या टप्प्यात. सुरुवातीला रोज काहीतरी नवं जमतं आणि शेवटी शेवट दिसत असतो. मध्ये यातलं काहीच नसतं. क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने 1934 मध्ये उंदरांवर हेच पाहिलं होतं: खाणं जवळ येईल तसा उंदराचा वेग वाढत जातो. त्यामुळे मधल्या मरगळीचा दोष स्वभावाला देत बसू नका. ती येणारच, म्हणून तिची सोय उत्साह असतानाच करून ठेवायची.

मधला भाग आखूड करा

वर्षाचं काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत मोडा. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दाखवता येईल अशी एक गोष्ट हातात हवी. ‘व्याकरण सुधारणं’ दाखवता येत नाही, पण ‘नव्या भाषेत तीन मिनिटं बोलून केलेलं रेकॉर्डिंग’ दाखवता येतं. मोजण्याचीही एक युक्ती आहे. निम्मं काम होईपर्यंत झालेलं मोजा, त्यानंतर उरलेलं. 40 धड्यांपैकी 6 झाले असतील तर ‘34 बाकी’ हा आकडा पाहूनच हातपाय गळतात. 34 झाल्यावर मात्र ‘6 राहिले’ म्हटलं की हात भराभर चालतो.

दोन मापं ठरवा

एक रोजचं माप, एक किमान माप. रोजचं 40 मिनिटं असेल तर किमान 5 मिनिटं. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. ते किमान माप 20-25 मिनिटांचं धरतात, म्हणजे बऱ्या दिवसाचंच थोडं कमी केलेलं. किमान मापाची कसोटी एकच: रात्री अकरा वाजता, डोकं जड असताना, ते कुरकुरत का होईना होईल का? होणार नसेल तर आणखी कमी करा. एक परिच्छेद, पाच शब्द, बूट घालून दहा मिनिटांची चाल. हे क्षुल्लक वाटतं, आणि वाटलंच पाहिजे.

वरची मर्यादाही हवी, ती मात्र कुणी घालत नाही. अंगात आलं म्हणून एका दिवशी तीन तास बसलात की दुसऱ्या दिवशी 40 मिनिटं अपुरी वाटतात, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. रोजच्या मापाच्या दीडपट झालं की थांबा.

वेळ नको, खूण ठरवा

‘सकाळी करेन’ हा बेत नव्हे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून आलेली जर-तरची पद्धत इथे कामी येते: ‘दात घासून झाले की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून धडा उघडेन.’ अडचणींसाठीही असंच एक वाक्य हवं: ‘घरी यायला उशीर झाला, तर कपडे बदलायच्या आधी किमान माप.’ दोन-तीन वाक्यं पुरे. दहा लिहिलीत तर एकही आठवणार नाही.

उद्याची सुरुवात आजच करून ठेवा

काम अशा जागी सोडा, जिथे पुढची पायरी ठाऊक आहे. गणित सुटत आलंय, दोन ओळी राहिल्यात, तिथेच थांबा. वही त्याच पानावर उघडी, पेन त्यावर आडवं, समासात एकच शब्द: ‘गुणाकार’. दुसऱ्या दिवशी ‘काय करू?’ या प्रश्नात जाणारी पंधरा मिनिटं वाचतात. चालढकल बहुधा त्या पंधरा मिनिटांतच शिरते.

खंड पडला तर

पडणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात 96 जणांनी 12 आठवडे एकेक नवी सवय लावून पाहिली. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असं दिसलं, पण माणसागणिक अंदाज 18 ते 254 दिवसांचा निघाला. म्हणजे ‘21 दिवसांत सवय लागते’ यावर विसंबू नका. याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. बिघडतं ते ‘आता मोडलंच आहे, तर सोमवारपासून नव्याने’ या विचाराने.

चुकलेल्या दिवसानंतर फक्त किमान माप करा, दुप्पट नाही. मागची थकबाकी फेडायला गेलात की तिसऱ्या दिवशी पुन्हा घोडं अडतं. बुडालेलं काम सरळ खोडा आणि तुकड्याची तारीख पुढे ढकला. खंड दोन आठवड्यांहून मोठा असेल तर पहिला आठवडा निम्म्या मापाने चालवा. धावण्यासारख्या अंगमेहनतीच्या कामात हे कटाक्षाने पाळा; दम आणि स्नायूंची सवय कमी झालेली असते, दुखापत तेव्हाच होते.

सोडायचं की नाही

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं वही पाहा आणि एकच गोष्ट बदला: माप, जागा किंवा खूण. तिन्ही एकदम बदललीत तर कशाने फरक पडला ते कळत नाही. चिकाटी आणि हट्ट यांत फरक आहे, त्यामुळे ध्येय सोडून देण्यातही काही गैर नाही. फक्त तो निर्णय वाईट दिवशी घेऊ नका. तुकडा संपण्याची तारीख येऊ द्या, दोन दिवस जाऊ द्या, मग ठरवा. आणि बंद करायचंच ठरलं, तर कुठे थांबलात आणि पुढची पायरी कोणती होती, हे शेवटच्या पानावर तारखेसह लिहून वही ठेवून द्या.