तरंगलांबीवरून फोटॉनची ऊर्जा कशी काढावी

रेडिओ लहरी, सूक्ष्मलहरी, अवरक्त, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण आणि गॅमा किरण हा क्रम शाळेत पाठ होतो, आणि या क्रमाने ऊर्जा वाढते हेही त्यासोबत पाठ होते. मात्र किती वाढते आणि नेमकी कशाची वाढते, असे विचारले की पुष्कळांची गाडी अडते. म्हणून तक्ता बाजूला ठेवून आकडे स्वतः काढून पाहावेत, असा माझा आग्रह आहे.

त्यासाठी १२४० ही एकच संख्या लक्षात ठेवावी. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये लिहावी आणि १२४० ला तिने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एका फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका सुट्या पुडीची ऊर्जा, इलेक्ट्रॉन-व्होल्ट या अणूंच्या पातळीवर वापरल्या जाणाऱ्या छोट्या एककात. प्रकाश ऊर्जेच्या सुट्या पुड्यांच्या रूपात असतो, ही कल्पना आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडली, आणि अशा प्रत्येक पुडीची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक (एक ठरलेली, न बदलणारी संख्या) गुणिले वारंवारता. वारंवारता ही प्रकाशाच्या वेगाला तरंगलांबीने भागून मिळते; तेव्हा प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांचा गुणाकार या एककांत मांडला की तो सुमारे १२४० भरतो.

आता ७०० नॅनोमीटरचा लाल प्रकाश घ्या: उत्तर १.७७ येते. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशासाठी ते ३.१ येते, म्हणजे डोळ्यांना दिसणारे सारे रंग दुपटीपेक्षाही कमी फरकात सामावलेले आहेत. याउलट ०.१ नॅनोमीटरच्या क्ष-किरणाचा फोटॉन १२,४०० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. रेडिओसाठी तरंगलांबीऐवजी बहुधा वारंवारता दिलेली असते. तेव्हा ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे, म्हणजे तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १०० मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी ३ मीटर, म्हणजे ३ अब्ज नॅनोमीटर. तिच्या फोटॉनची ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सुमारे चोवीस लाखाव्या भागाइतकीच भरते. गणित चुकते ते बहुतेकदा याच रूपांतरात, म्हणून १ सेंटीमीटर म्हणजे १ कोटी नॅनोमीटर, हे कागदाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवावे.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल, तर अंधारात हिरवे चमकणारे एखादे स्टिकर घ्यावे आणि त्याची आधीची चमक पूर्ण विझेपर्यंत ते अंधारात ठेवावे. मग त्याच्या एका अर्ध्या भागावर लाल एलईडीचा आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर निळ्या एलईडीचा प्रकाश मिनिटभर टाकून दोन्ही दिवे बंद करावेत. निळा प्रकाश पडलेला भाग लख्ख उजळलेला दिसतो. लाल प्रकाशाचा भाग मात्र काळाच राहतो, आणि लाल दिवा आणखी जवळ धरला तरी तो काळाच राहतो. स्टिकर चमकते तेव्हा ते हिरवे फोटॉन बाहेर टाकते; अशा हिरव्या फोटॉनमध्ये सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात, तर लाल फोटॉन जेमतेम १.९ घेऊन येतो, म्हणून तो पुरा पडत नाही. दिवा जवळ आणल्याने फोटॉनची संख्या वाढते, पण एकेकाची ऐपत तेवढीच राहते.

नेमका इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. ८०० वॉटची मायक्रोवेव्ह भट्टी दर सेकंदाला सुमारे ५ वर २६ शून्ये इतके फोटॉन सोडते, त्यामुळे पाणी भराभर तापते. परंतु तिच्या एका फोटॉनमध्ये एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा लाखावा भागच असतो. दोन कार्बन अणूंमधला साधा बंध तोडायला मात्र सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. एकूण शक्ती आणि फोटॉनची ऊर्जा या दोन गोष्टी म्हणूनच नेहमी वेगळ्या लिहाव्यात.

हेच गणित उलटेही चालते. १२४० ला ३.६ ने भागले की सुमारे ३४४ नॅनोमीटर येतात, आणि ही तरंगलांबी अतिनील भागात पडते. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन सोडवायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे तरंगलांबी सुमारे ९१ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी हवी. क्ष-किरण आणि गॅमा किरण यांच्यातली सीमा मात्र या गणिताने ठरवू नये, कारण त्यांच्या ऊर्जा एकमेकींत मिसळतात. इलेक्ट्रॉनांपासून निघतात ते क्ष-किरण आणि अणुकेंद्रातून निघतात ते गॅमा, असे त्यांच्या उगमावरून ओळखावे.