पावती, परवाना आणि राहता मालक

नागपुरात घराच्या खोल्या दिवसाच्या भाड्याने देण्याचा विचार करणाऱ्यांना मागणीबद्दल मी वेगळे काही सांगायला नको. डिसेंबरातील हिवाळी अधिवेशन, दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन, जामठ्याचे क्रिकेट सामने आणि मिहानच्या एम्समध्ये रुग्णासोबत आलेले नातेवाईक हे सर्वांना दिसतेच. ज्या एका अटीने माझे सव्वा वर्ष खाल्ले, तिच्याविषयी मात्र मी सविस्तर लिहिणार आहे.

माझे वास्तव्य मनीषनगरातील सदनिकेत होते आणि लक्ष्मीनगरातील वडिलांचे घर रिकामे होते. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या निवास-न्याहारी योजनेत 1 ते 6 खोल्या आणि जास्तीत जास्त 12 खाटांपर्यंतच्या घराला सुवर्ण किंवा रौप्य वर्ग मिळतो, हे मी वाचले होते. मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे, ही अटही वाचली होती. परंतु घर माझ्या नावावर असल्यामुळे ती आपोआप पूर्ण होते, असा सोयीचा अर्थ मी लावला. दलाल म्हणाला, “काही टेन्शन नका घेऊ जी, आधारवर पत्ता तिथलाच आहे ना, बस झालं.” मी शुल्क भरले, पावती मिळाली आणि ती पावती म्हणजेच परवाना असे समजून पाच महिने पाहुणे ठेवले.

मोका तपासणीला दोघे आले. त्यांनी खोल्या वरवर पाहिल्या आणि ते थेट स्वयंपाकघरात गेले. फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्यांशिवाय काही नव्हते, मिठाचा डबा रिकामा होता आणि ऑगस्ट चालू असताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर मे महिन्याचे पान होते. त्यांनी वाद घातला नाही. फक्त ते पान उलटून पाहिले.

अर्ज नामंजूर झाला, शुल्क गेले, दलालाचे आठ हजारही गेले. पण खरा फटका पुढे बसला. मालक राहत असलेल्या घरातील दोन खोल्या आणि मालक नसताना रोज पाहुण्यांनी भरणारे घर यांत कागदावर मोठे अंतर आहे. मालमत्ता कर मालकाच्या मनातील हेतूवर नव्हे, तर प्रत्यक्ष वापरावर लागतो. वापर अनिवासी ठरला की दर बदलतो आणि फरकाची रक्कम थकली तर दरमहा 2 टक्के शास्ती चढत जाते. विजेच्या जोडणीचा वर्गही त्यामागोमाग बदलतो. भूखंड नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र) भाडेपट्ट्यावरचा असेल, तर भाडेपट्ट्यातील वापराचे कलम शुल्क भरण्यापूर्वी वाचावे, नंतर नव्हे. परवान्याचे शुल्क या सगळ्यापुढे किरकोळ असते. नवखी माणसे नेमकी त्याचीच चौकशी करतात, मीही तेच केले होते.

दलाल नकोच, असे माझे म्हणणे नाही; रांगेत उभे राहण्यासाठी त्याला जरूर पैसे द्यावेत, परंतु अटीचा अर्थ त्याला विचारू नये. माझी फाईल अखेरीस मार्गी लागली ती शेजारच्या एका निवृत्त कारकुनांमुळे. त्यांनी कागद चाळलेही नाहीत, एवढेच विचारले, “रात्री झोपता कुठे?”

बाकीची कामे ऐकायला भीतिदायक वाटली तरी ती अवघड नाहीत. मोजकेच कामगार असतील तर 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते आणि तिथे हयगय अजिबात करू नये. जीएसटीचा धसका घेण्याचेही कारण नाही: 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के दर आहे, वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असल्यामुळे तुमची नोंदणी नसेल, तर ॲपवरून आलेल्या आरक्षणाचा कर ते ॲपच भरते. अधिवेशनाचे पाहुणे हवे असतील तर फाईल उन्हाळ्यातच द्यावी, कारण नवरात्रापासून दिवाळीपर्यंत कागद फारसा हलत नाही.

मी सदनिका भाड्याने दिली, लक्ष्मीनगरच्या तळमजल्यावर राहायला आले आणि वरच्या दोन खोल्यांसाठी नव्याने अर्ज केला. दुसऱ्या तपासणीच्या वेळी कुकरच्या शिट्ट्यांमुळे निम्मे बोलणे ऐकूच आले नाही. कॅलेंडर मात्र मी सकाळीच पाहून घेतले होते.