पूल सांभाळण्याच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या बहुतेकांना नवे पूल बांधायचे असतात. बांधलेले पूल सांभाळण्याकडे आपणहून फारसे कोणी वळत नाही. मीही एका सल्लागार संस्थेत जागा मिळाली म्हणूनच या कामात आलो. गंभीरा पुलाच्या दुर्घटनेनंतर मात्र रावपुरा, दांडिया बाजार भागातील ओळखीच्या घरांमधली मुले-मुली या कामाविषयी विचारू लागली. त्यांना जे सांगतो, ते येथे जरा व्यवस्थित मांडतो.

पाद्रा तालुक्यातील मुजपूरजवळ मही नदीवर असलेला हा पूल १९८५ सालचा. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी त्याचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, कोसळला, वाहने नदीत पडली आणि किमान वीस जणांचा जीव गेला. पेडेस्टल आणि आर्टिक्युलेशन चिरडले गेले, असे प्राथमिक चौकशीच्या आधारे राज्य सरकारने सांगितले. नवख्या माणसाने या दोन भागांपासूनच अभ्यासाला सुरुवात करावी. पेडेस्टल म्हणजे खांबाच्या माथ्यावरचा, बेअरिंगला (गाळ्याचा भार खांबावर उतरवणाऱ्या, किंचित हलू शकणाऱ्या टेकूला) आधार देणारा लहानसा काँक्रीटचा ठोकळा. आणि आर्टिक्युलेशन म्हणजे एका गाळ्याचे टोक दुसऱ्या भागाच्या खाचेत टेकते तो सांधा. तेथे काँक्रीटची जाडी कमी असते, भार एकवटलेला असतो आणि नेमका त्याच्याच वर रस्त्याचा एक्सपान्शन जॉइंट, म्हणजे उष्णतेने पूल लांबतो-आखडतो त्यासाठी सोडलेली फट, असते. जॉइंटचे रबर फाटले की पावसाचे पाणी, धूळ आणि वाळू थेट त्या खाचेत उतरते व तेथील सळ्या गंजू लागतात. रस्त्यावरून हे दिसत नाही, काठावरूनही दिसत नाही. म्हणजे ज्या ठिकाणी पूल सर्वांत नाजूक, तेच ठिकाण तपासणीला सर्वांत अवघड.

म्हणून कोणत्याही पुलावर गेल्यावर मी प्रथम पाण्याची वाट शोधतो. पाणी कोठून उतरते, निचऱ्याच्या तोट्या बुजल्या आहेत का, त्यांचे तोंड गर्डरपासून (रस्ता पेलणाऱ्या तुळईपासून) पुरेसे दूर आहे का, खांबाच्या माथ्यावर ओल, माती किंवा पिंपळाचे रोप आहे का, हे पाहिले की पुढची निम्मी तपासणी कोठे करायची ते आपोआप ठरते. मग खाली उतरावे. टॉर्च, हातोडी, भेगांची रुंदी मोजायची पट्टी, दुर्बीण आणि खडू एवढे सामान पुरेसे असते; उंच पुलांसाठी खाली वळणाऱ्या हाताची तपासणी-गाडी मागवावी लागते. ड्रोनचे आकर्षण सध्या मोठे आहे, पण हातोडीने ठोकल्यावर येणारा, आतून सुटलेल्या काँक्रीटचा पोकळ आवाज ड्रोनला ऐकू येत नाही. वडोदरा शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीवरच्या पुलांखाली जाताना मात्र मगरींची माहिती असलेला स्थानिक माणूस बरोबर हवाच. ही थट्टा नव्हे, त्या नदीत भरवस्तीतही मगरी आहेत.

पुलावरच्या डांबराकडेही संशयाने पाहायला शिकावे. जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा थर टाकला की रस्ता गुळगुळीत होतो, लोक खूश होतात. पण साडेसात मीटर रुंद आणि वीस मीटर लांब गाळ्यावर पाच सेंटिमीटरचा एक थर म्हणजे सुमारे सतरा टन कायमचे वजन होय. असे दोन-तीन थर साचले असतील तर मूळ आराखड्यात नसलेला एक भरलेला मोठा ट्रक त्या गाळ्यावर रात्रंदिवस उभा आहे असे समजावे.

पायाची गोष्ट याहून फसवी आहे. पुराच्या वेगवान प्रवाहात खांबाभोवतीची वाळू खोलवर वाहून जाते, आणि पूर ओसरताना त्याच खड्ड्यात नवा गाळ येऊन बसतो. नोव्हेंबरात कोरड्या पात्रात उभे राहून सारे ठीक आहे असे लिहिणे त्यामुळे धोक्याचे असते. पात्राच्या तळाची पातळी दर वर्षी त्याच ठिकाणी मोजून, पाया किती खोल आहे हे दाखवणाऱ्या मूळ नकाशाशी ताडून पाहिली, तरच काही अर्थ निघतो. आसपास वाळूउपसा चालू असेल तर त्याचीही नोंद करावी. सावित्री नदीवरचा महाडचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, हे आपल्याकडे अनेकांच्या स्मरणात असेल. पावसाळ्यापूर्वीची आणि पावसाळ्यानंतरची अशा दोन्ही तपासण्या लागतात, त्या यासाठी.

एकेका पुलाकडून पुलांच्या जाळ्याकडे वळल्यावर पहिला प्रश्न तांत्रिक नसतो, मालकीचा असतो. शहरातले पूल महानगरपालिकेचे, राज्य महामार्गांवरचे राज्याच्या मार्ग आणि मकान विभागाचे, अहमदाबाद-मुंबई महामार्गावरचे राष्ट्रीय यंत्रणेचे, आणि रेल्वे रुळांच्या वरचा गाळा बहुधा रेल्वेच्या अखत्यारीत, तर त्याचे जोडरस्ते दुसऱ्याच कोणाचे. दोन कार्यालयांच्या हद्दीवरचा सांधा कोणाच्याच यादीत नसतो, असे मी पाहिले आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांसाठी केंद्राने २०१६ मध्ये भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. तीत प्रत्येक पुलाला स्वतंत्र ओळखक्रमांक आणि स्थितीनुसार गुणांकन दिले जाते. ही कल्पना चांगली आहे, परंतु गुणांकनावरून दुरुस्तीचा क्रम लावणे मला पुरेसे वाटत नाही. तो पूल बंद पडला तर वळसा किती पडेल, त्यावरून जड वाहने किती जातात, आणि एकच भाग निकामी झाला तर सारा गाळा खाली येईल की भार इतर गर्डरांवर वाटला जाईल, हे तीन प्रश्न विचारल्यावर यादीचा क्रम बराच बदलतो.

चाचण्यांविषयी थोडक्यात. काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारा रिबाउंड हॅमर केवळ पृष्ठभागाविषयी बोलतो. काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवणारी अल्ट्रासॉनिक चाचणी आतल्या पोकळीचा अंदाज देते. सळीचे विद्युत विभव मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत कॉपर सल्फेटच्या संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण वाचन आले तर सळी गंजत असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून जास्त धरतात. भारतीय रस्ते काँग्रेसची तपासणीसाठीची एसपी ३५ आणि भारक्षमतेसाठीची एसपी ३७ ही मार्गदर्शक प्रकाशने मुलाखतीआधी मुळातून वाचावीत.

अहवाल कसा लिहावा हे मात्र कोणी शिकवत नाही. एका कार्यालयात मला सलग अनेक वर्षांचे अहवाल चाळायला मिळाले. त्यांत ‘किरकोळ भेगा, लक्ष देणे आवश्यक’ हे एकच वाक्य तारीख बदलून पुन्हा पुन्हा आले होते. वाचणाऱ्या अधिकाऱ्याने त्यावर करावे तरी काय? भेग कितव्या गाळ्यात, कोणत्या गर्डरवर, किती रुंद, मागील वर्षी किती होती, छायाचित्र त्याच कोनातून घेतलेले आहे का, दुरुस्ती कोणती आणि कोणत्या तारखेच्या आत, एवढे लिहिले तरच तो अहवाल ठरतो.

सरकारी नोकरीसाठी गुजरात लोकसेवा आयोगाच्या परीक्षा आहेत. खासगी सल्लागार संस्थांत पदविकाधारकांनाही संधी मिळते, पगार सुरुवातीला बेताचाच असतो. या क्षेत्रातील माझा ठाम आग्रह एकच: वाहतूक मर्यादित करण्याची शिफारस करायला कचरू नये. ती करताना ‘जड वाहनांना मनाई करावी’ एवढ्यावर थांबू नये. किती टनांची मर्यादा, कोणत्या गणितावरून, पर्यायी मार्ग कोणता, आणि मनाई पाळली कशी जाणार, हेही लिहावे. रात्री रिकाम्या रस्त्यावर ट्रकचालक फलक वाचून मागे वळत नाही. दोन्ही टोकांना भक्कम उंची-अडसर बसवला तर उंच ट्रक अडतात. पण बुटका, खडीने भरलेला डंपर त्याखालूनही निघून जातो. म्हणून अशा पुलाजवळ खडीच्या खाणी असतील तर अडसराबरोबर पोलीस चौकीचीही मागणी त्याच पत्रात करावी, आणि पत्राची पोच घ्यावी.